ऑडेसिटी काढून टाकायचं की ठेवायचं?

एका सरांचा प्रश्न आला आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि गेली सात वर्षं ऑडेसिटी या आवाज रेकॉर्ड करण्याच्या आणि कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरवर मुलांच्या कविता नि गोष्टी रेकॉर्ड करतात. परवा शाळेच्या नव्या संगणकावर त्यांनी नवी आवृत्ती टाकली. डाउनलोड करतानाच 'म्यूज हब' पुढे आलं, आणि काम सेव्ह करताना क्लाउडवर ठेवायचं की संगणकावर असं विचारणारी चौकट आली. केंद्रातले दुसरे एक सर त्यांना म्हणाले, "ते आता स्पायवेअर झालंय, काढून टाका." स्पायवेअर म्हणजे वापरणाऱ्याच्या नकळत त्याची माहिती बाहेर पाठवणारं सॉफ्टवेअर. तर खरं काय, उद्या पैसे मागितले तर जमवलेल्या रेकॉर्डिंगचं काय होणार, आणि दुसरं फुकट काय वापरता येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, काढू नका. पण त्या चौकटीत आलेलं पहिलंच बटण दाबून मोकळेही होऊ नका. तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं चूक आहे, पण त्यांना आलेली शंका चूक नाही. हे दोन्ही एकदम खरं कसं, ते जरा पाल्हाळ लावून सांगतो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज कापण्या-जोडण्यात गेली आहेत, त्यामुळे या विषयावर थोडक्यात बोलणं मला जमत नाही.

मी शिकलो तेव्हा आमच्या स्टुडिओत आवाज कापण्या-जोडण्यासाठी कूल एडिट होतं. परवान्याचं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. कुणीतरी सीडी आणायचं, कुणीतरी ती दुसऱ्याला द्यायचं. सिंट्रिलियम नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीचं ते सॉफ्टवेअर. २००३ मध्ये अ‍ॅडोबीने ते १ कोटी ६५ लाख डॉलरना विकत घेतलं, नाव बदलून ऑडिशन केलं, आणि पुढे दहा वर्षांनी ते महिन्याच्या वर्गणीवर गेलं. ज्यांचे हात त्याच्या बटणांवर बसले होते त्यांनी एक तर वर्गणी भरली, नाही तर जुनी आवृत्ती जुन्या संगणकावर जपून ठेवली. तिसरा रस्ता नव्हता, कारण त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यातून बनतं ती मूळ लिखापढी, कंपनीच्या कपाटात होता. कपाट विकलं की आतलं सगळं विकलं.

ऑडेसिटीचं तसं नाही. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्यावर काम सुरू केलं आणि २००० च्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुलं केलं. त्याला परवाना लावला जीपीएलचा. या परवान्याचा अर्थ 'फुकट' असा घेऊ नका, सगळा घोळ त्या शब्दानेच होतो. जीपीएल म्हणजे कोड कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, हवा तर विकावासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला कोडही द्यायचा आणि हेच हक्कही द्यायचे. एकदा दिलेला हक्क मागे घेता येत नाही. उद्या ऑडेसिटीच्या मालकांनी नव्या आवृत्तीला पैसे लावले, तरी आज तुमच्या संगणकावर असलेली आवृत्ती आणि तिचा कोड तुमच्याकडून, माझ्याकडून किंवा इतर कुणाकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. कूल एडिट फुकटात मिळत होतं, ऑडेसिटी मुक्त आहे.

आता शंका कुठून आली ते पाहू.

२०२१ च्या वसंतात ऑडेसिटी म्यूज ग्रुपने घेतलं. गिटारच्या टॅब्जसाठी प्रसिद्ध असलेलं अल्टिमेट गिटार आणि स्वरलेखनाचं म्यूजस्कोअर ज्यांच्याकडे आहे, तीच ही मंडळी. घेतलं म्हणजे नाव, संकेतस्थळ आणि पुढचं काम ठरवायचा अधिकार घेतला. लोकांना आधी दिलेले हक्क कुणी विकत घेऊ शकत नव्हतंच. आणि लगेच, म्हणजे अक्षरशः दिवसांच्या आत, त्यांनी वापराची माहिती गोळा करणारा कोड घालायचा प्रस्ताव मांडला. माहिती जाणार होती गूगल आणि यांडेक्स या रशियन कंपनीच्या सेवांकडे. ही सोय मुळात बंद असणार होती, वापरणाऱ्याने होकार दिला तरच चालू होणार होती. पण वीस वर्षं ज्या सॉफ्टवेअरने इंटरनेटचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्याने आल्या आल्या गूगलशी बोलायची भाषा केली म्हटल्यावर लोक खवळले. प्रस्ताव मागे घेतला गेला.

मग जुलैत नवं गोपनीयता धोरण आलं, आणि स्पायवेअर हा शब्द तिथून चिकटला. त्यात तपास यंत्रणांना लागणारी माहिती गोळा करण्याबद्दल एक मोघम वाक्य होतं. माहिती प्रसंगी रशियातल्या कार्यालयाला द्यावी लागेल असंही होतं. आणि सर, तुमच्या कामाचं म्हणजे, १३ वर्षांखालच्या मुलांनी हे वापरू नये असंही त्यात लिहिलं होतं. तिसरी-चौथीच्या वर्गात सात वर्षं ज्याने काम केलंय त्याने हे वाचून काय करायचं? शिवाय जीपीएल कुणी वापरावं यावर बंधन घालू देत नाही, त्यामुळे ते कलम परवान्याशीच भांडत होतं. म्यूज ग्रुपने माफी मागितली, धोरण पुन्हा लिहिलं, वयाची अट काढली. तेव्हा शेवटी उरलं ते एवढंच: नवी आवृत्ती आली आहे का हे ऑडेसिटी स्वतः विचारतं, आणि बिघाड झाला तर त्याचा अहवाल पाठवू का असं तुम्हाला विचारतं. पहिली गोष्ट एडिटमधल्या प्रेफरन्सेसमध्ये, अ‍ॅप्लिकेशन या सदरात, बंद करता येते. दुसरी, म्हणजे अहवालाची चौकट आली की 'पाठवू नका' म्हणायचं. तुमचं रेकॉर्डिंग, म्हणजे मुलांचा आवाज, यातल्या कशातूनही बाहेर जात नाही.

तेव्हा स्पायवेअर नाही. कोड उघडा आहे, संशयाने पाहणारे डोळे शेकड्याने होते, आणि तसं काही असतं तर पुराव्यासकट बाहेर आलं असतं. तेव्हा रागाने काहींनी तोच कोड घेऊन वेगळ्या चुली मांडल्या. त्यातली टेनॅसिटी नावाची चूल अजून पेटती आहे. नाव बदलावं लागलं, कारण कोड मुक्त असला तरी 'ऑडेसिटी' हे नाव म्यूजचं. टेनॅसिटी बरी आहे, पण तिथे राबणारी माणसं मोजकी, आणि नव्या सोयी तिथे सावकाश पोचतात. एका शाळेच्या संगणकासाठी मी तो खटाटोप सुचवणार नाही.

खरी गंमत पुढेच आहे, आणि ती गोपनीयतेची नाही. आपल्याकडे म्हणतात ना, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ऑडेसिटीचं माजघर जीपीएलने बांधलेलं आहे, तिथे कुणाला शिरता येत नाही. पण ओसरीला कुलूप नाही. तुम्हाला डाउनलोड करताना म्यूज हब दिसलं, ती ओसरी. टूलबारवर 'शेअर ऑडिओ'चं बटण आलं २०२२ च्या ३.२ आवृत्तीत, ती ओसरी. २०२४ च्या ३.५ मध्ये सेव्ह करताना क्लाउडची चौकट आली, तीही ओसरीच. म्यूज हब हे वेगळं सॉफ्टवेअर आहे, आणि ते मुक्त नाही. त्यातून प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे जादा इफेक्ट, आणि वाद्यांचे आवाज मिळतात, काही फुकट, काही विकत. क्लाउड म्हणजे ऑडिओ डॉट कॉम, त्यांचीच सेवा. खातं काढावं लागतं, फुकट जागेला मर्यादा आहे, आणि जास्त हवं असेल तर पैसे. ऑडेसिटीचं एकही जुनं काम यामुळे बंद पडलेलं नाही किंवा पैशांवर गेलेलं नाही. फक्त पूर्वी ज्या वाटेवर काहीच नव्हतं, त्या वाटेवर आता एक एक दुकान लागतंय.

यात मला पाप दिसत नाही, हेही सांगून टाकतो. आपण वीस वर्षं हे वापरलं, त्यावर पोट भरलं, आणि आपल्यापैकी देणगी किती जणांनी दिली? मी दिली, पण एकदाच, आणि तीही बायकोने टोमणा मारल्यावर. म्यूज आल्यावर पगारी प्रोग्रॅमर लागले आणि लोक वर्षानुवर्षं मागत होते त्या गोष्टी झाल्या. आवाजावर इफेक्ट कायमचा न ठोकता तो चालू असतानाच ऐकून बदलता येणं, हे ३.२ मध्येच आलं. पूर्वी कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारा इफेक्ट, लावायचा, ऐकायचं, नाही आवडला की अनडू, पुन्हा लावायचा. माझ्या आयुष्याचे कित्येक दिवस त्या अनडूत गेले असतील. नंतरच्या आवृत्तीत कॉम्प्रेसर आणि आवाजाला ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारा लिमिटरही नव्याने लिहिले. स्वयंसेवकांच्या रविवारांवर हे झालं नसतं.

माझी खरी काळजी एकाच कलमाची आहे, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी झाली. म्यूजने कोड लिहून देणाऱ्यांकडून एक करार करून घ्यायला सुरुवात केली: तुमचा कोड आम्ही दुसऱ्या परवान्याखालीही वापरू शकू. त्यांनी दिलेली कारणं पटण्यासारखी होती. परवान्याची नवी आवृत्ती लावायची, काही अ‍ॅप दुकानांच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत, वगैरे. पण या करारामुळे पुढे कधी बंद आवृत्ती काढायची झाली तर दार उघडं राहतं. उघडं आहे म्हणजे कुणी त्यातून जाणारच असं नाही. पण उद्या शंका घ्यायचीच तर म्यूज हबच्या बटणावर नको, या दारावर घ्या.

आता तुमच्या रेकॉर्डिंगचं. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण लोकांचे आवाज परवान्यामुळे क्वचित जातात, फाइलींमुळे रोज जातात.

२०१६ मध्ये मी गावी मावशीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. मोबाइलवर, एका फुकट रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये. नाव सांगत नाही. ते आता कुठे मिळतही नाही. अकरा रेकॉर्डिंग झाली. वर्षभराने अ‍ॅपने अपडेट घेतला आणि फाइल बाहेर काढायच्या बटणावर कुलूप आलं, पैसे भरा म्हणून. मी पैसे भरायला तयारही झालो, पण आज-उद्या करता करता फोन बिघडला, आणि नव्या फोनवर शोधलं तर अ‍ॅपच गायब. जुन्या फोनमधून फाइली निघाल्या, पण त्या त्याच अ‍ॅपच्या खास प्रकारातल्या, दुसरं काही त्यांना हात लावत नव्हतं. अकरापैकी तीन ओव्या राहिल्या, कारण त्या मी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या. मावशी २०१९ मध्ये गेली. धंदा करणाऱ्याचा मला राग नाही. राग स्वतःचा आहे, कारण मी या धंद्यातला माणूस, आणि साधी वेव फाइल काढून ठेवली नाही.

तुमच्याकडे सात वर्षांचं काम आहे म्हणजे दोन प्रकारच्या फाइली असणार. २०२१ च्या मार्चमध्ये ३.० आवृत्ती आली, त्याआधीचं प्रोजेक्ट म्हणजे एयूपी नावाची छोटी फाइल आणि शेजारी त्याच नावाचं 'डेटा' फोल्डर, त्यात आवाजाचे शेकडो तुकडे. लोक काय करायचे, ती छोटी फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि संगणक फॉरमॅट करून टाकायचे. मग मला फोन. त्या फाइलीत आवाज नसतोच, कुठला तुकडा कुठे आहे याची नुसती यादी असते. तुमच्या जुन्या एयूपी फाइलींशेजारी ती फोल्डरं आहेत का, हे आजच बघा. ३.० पासून सगळं एकाच एयूपी३ फाइलीत असतं. आत एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस आहे, तोही कुणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे या फाइली कुणी कुलूपबंद करील ही भीती नको. पण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. शाळेत नवी आणि घरी जुनी आवृत्ती असेल तर हा त्रास तुम्हाला होऊ शकतो. दोन्हीकडे एकच ठेवा.

आणि प्रोजेक्ट फाइल हा संग्रह नव्हे. प्रोजेक्ट म्हणजे ओटा, त्यावर पीठ सांडलेलं असतं. काम झालं की प्रत्येक कवितेची वेव फाइल एक्सपोर्ट करा: ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. एका पोराच्या आवाजाला स्टिरिओ लागत नाही. अशी फाइल मिनिटाला साधारण ५.३ एमबी होते, म्हणजे तासाला ३१८ च्या आसपास. तुमचं सात वर्षांचं काम पन्नास तासांचं धरलं तरी १६ जीबी. दोन ३२ जीबीचे पेनड्राइव्ह घ्या, एक शाळेच्या कपाटात, एक घरी. नावं तारखेने सुरू करा, म्हणजे आपोआप रांगेत लागतात. एमपी३ पालकांना पाठवायला ठीक, पण ठेवायला वेव. वेव ही इतकी साधी गोष्ट आहे की ती वाचू न शकणारं सॉफ्टवेअर मी आजवर पाहिलेलं नाही. एवढं केलंत की ऑडेसिटीचं उद्या काही का होईना, तुमच्या मुलांचे आवाज कुणाचे ओलीस नाहीत.

क्लाउडच्या चौकटीत 'संगणकावर' निवडा आणि पुन्हा विचारू नका ही खूण करा. शेअरचं बटण नको असेल तर व्ह्यूमधल्या टूलबारच्या यादीतून ते घालवता येतं. खातं काढू नका. क्लाउड वाईट म्हणून नाही, तर लहान मुलांचे आवाज पालकांना न विचारता दुसऱ्याच्या संगणकावर ठेवायचे नाहीत म्हणून. डाउनलोड करताना मोठं बटण सोडून म्यूज हबशिवायची लिंक घ्या, आणि ती ऑडेसिटीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. इकडून तिकडून घेऊ नका. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फॉसहब या तेव्हाच्या अधिकृत डाउनलोड ठिकाणी हल्लेखोर शिरले आणि काही तास ऑडेसिटीच्या नावाखाली संगणकच सुरू होऊ न देणारी फाइल वाटली गेली. चांगल्या ठिकाणी हे होतं, तर 'ऑडेसिटी फुल व्हर्जन फ्री' अशा जाहिरातींच्या ठिकाणी काय होईल? एकदा घेतलेली इन्स्टॉलर फाइल मात्र पेनड्राइव्हवर जपून ठेवा. शाळेचं इंटरनेट बंद असताना ती उपयोगी पडते, आणि ओसरी फारच भरली तर त्या आवृत्तीवर परत जाता येतं.

दुसरं काय वापरू, याचं उत्तर देताना मला नेहमी संकोच होतो, कारण लोकांना नाव हवं असतं आणि मला विचारावंसं वाटतं, कुलूप कुणाच्या हातात? ओसेनऑडिओ (ocenaudio) फुकट आहे, हलकं आहे, जुन्या संगणकावर छान चालतं, ब्राझीलमधल्या एका विद्यापीठातून आलेलं आहे. पण ते मुक्त नाही, कोड बंद. रीपर उत्तम, साठ दिवसांनंतर ते पैसे द्या म्हणून आठवण करत राहतं, कुलूप घालत नाही, आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा. तुमच्या कामाला ते म्हणजे घरगुती स्वयंपाकाला लग्नाची भांडी. आर्डर मुक्त आहे. कोड सगळ्यांना खुला, तयार बांधलेलं सॉफ्टवेअर हवं तर पैसे. ही पद्धत मला मनापासून प्रामाणिक वाटते, पण तेही संगीताच्या मोठ्या कामासाठी. संगीत रेकॉर्डिंगच्या केकवॉक या सॉफ्टवेअरची गोष्ट मात्र ऐकून ठेवा. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने २०१७ मध्ये ते बंद केलं, २०१८ मध्ये बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने घेऊन चक्क फुकट दिलं, लोक धन्य झाले. २०२३ मध्ये जाहीर झालं की पुढची आवृत्ती विकतची. कोड बंद होता, सॉफ्टवेअर वेळोवेळी इंटरनेटवरून परवानगी घेत होतं, त्यामुळे लोकांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. फुकट आणि मुक्त यांत फरक काय, असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो.

जाता जाता एक. ऑडेसिटीचे मेन्यू मराठीतही दिसतात, प्रेफरन्सेसमध्ये भाषा बदलून पाहा. काही शब्द मला पटत नाहीत, पण चौथीतल्या मुलीला 'अनडू'पेक्षा मराठी शब्द लवकर कळतो. ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलं आहे. तुमच्या केंद्रातल्या ज्या सरांना ऑडेसिटीची काळजी वाटते, त्यांना तिथे चुकलेले शब्द दुरुस्त करायला लावा.

आणि तुम्ही प्रश्नाच्या शेवटी वर्गातल्या पंख्याच्या घरघरीबद्दल विचारलं होतंत. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मुलाला पाच सेकंद गप्प उभं करा. तेवढा रिकामा तुकडा निवडून नॉइज रिडक्शनमध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा, मग सगळं निवडून तोच इफेक्ट १० ते १२ डेसिबलवर लावा. त्याच्या वर गेलात तर पोरगं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटेल. त्याहून सोपं म्हणजे पंखा बंद करा. दोन मिनिटांच्या कवितेला कुणी घामाघूम होत नाही.